गुणाबाई आणि बर्फातले दोन

समोरच्यानं तराजू उचलला की गुणाबाई आधी त्याची करंगळी बघायची. मासा, वजन, भाव हे सगळं मागाहून. करंगळी दांडीला टेकवून माप मारतोय की सुटी ठेवलीय एवढं दिसलं की माणूस कळला, असं तिचं साधं शास्त्र. तिची स्वतःची करंगळीसुद्धा काही जन्मभर सुटी राहिलेली नव्हती, म्हणून दुसऱ्याची लगेच दिसायची. पनवेलच्या मासळी बाजारात गोणपाटावर बसून जिनं केस पांढरे केले, ती बाई भोळी राहणार कशी?

ती गव्हाणची कोळीण. नवरा काशिराम खाडीत होडी घेऊन जायचा, कोळंबी, निवट्या, नशीब असेल त्या दिवशी एखादा जिताडा घेऊन यायचा. एकुलता एक मुलगा कुंदन बंदरावर क्रेन चालवायचा. आणि सून विनिता. ती उरणकडची, बारीक चणीची, मोजकं बोलणारी. लग्नाला बरीच वर्षं होऊन गेली तरी घरात पाळणा हलला नव्हता. मध्ये तिच्या गर्भाशयात गाठ निघाली, ती पोट उघडून काढावी लागली. त्यानंतर तर दिवस राहायची आशाच लोकांनी सोडली. गुणाबाईनं सोडली नाही. आणि हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं की सुनेला ती कधी टोचून बोलली नाही. टोचायचं काम शेजारणी फुकटात करत होत्या.

एकवीरेची ओटी भरून झाली, झाडपाला झाला, आणि एक दिवस गुणाबाईच म्हणाली की आता डॉक्टरकडं चला, काचेच्या नळीत पोर करतात म्हणे. ही गोष्ट पनवेलला दिवसाढवळ्या वीज जायची त्या वर्षांतली.

दवाखाना नवीन पनवेलला. खाली औषधांचं दुकान, वर डॉक्टर रुचिराबाई. दारात पाटी होती, चपला बाहेर काढा. गुणाबाईला पहिला संशय तिथंच आला. चपला काढायला लावतात ते देवळात, आणि हे काही देऊळ नव्हतं. तिनं आपल्या चपला पिशवीत घातल्या आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली. पिशवी मासळीची होती. शेजारी बसलेल्या बायका हळूच एकेक खुर्ची पलीकडं सरकल्या.

रुचिराबाई चांगल्या होत्या, पण फार हसत नव्हत्या, तेही गुणाबाईला खटकलं. बाईंनी विनिताचे जुने कागद उलटून पालटून पाहिले. मग सांगितलं ते असं. इंजेक्शनं देऊन बीजं वाढवायची, ती बाहेर काढायची, कुंदनच्या बीजाशी जुळवून बाहेरच गर्भ तयार करायचे. हे गुणाबाईला लगेच उमगलं. माशाच्या पोटातली गाभोळी तिनं कमी का काढली होती? पण पुढं बाई म्हणाल्या की तीन होवोत की चार, पोटात सोडायचा एकच. उरलेले गोठवून ठेवायचे.

गुणाबाई पिशवीसकट पुढं सरकली.

"चार झाले तर चारी सोडा नं. घरचेच हायत."

रुचिराबाईंनी समजावलं. गाठ काढली तिथं गर्भाशयाला शिवण आहे. दोन-तीन राहिले तर पोट फार ताणेल, ती शिवण उसवू शकते. मग पोरं अर्ध्यातच बाहेर येतील, मुठीएवढी, आणि विनिताच्या जिवावर बेतेल ते वेगळं. शिवण नसती तरी त्यांनी घाई केली नसती, कारण जुळी-तिळी ही दिसायला गंमत आणि सोसायला आईला जड.

"आवो पन एका गाभोळीत हजारांनी अंडी असतात," गुणाबाई म्हणाली. "देवानं हात आखडला नाय, तुमी कशाला आखडता?"

"मासा हजार घालतो आणि निघून जातो, मावशी. विनिताला निघून जाता येणार नाही."

उत्तर बरोबर होतं, आणि नेमका त्याचाच गुणाबाईला राग आला. बरोबर बोलणारा विक्रेता तिनं फार पाहिला होता. बाजारात माणूस समोर एक वाटा मांडतो आणि दोन चांगले मासे ओल्या गोणपाटाखाली सारून ठेवतो. कशाला? मागाहून येणाऱ्या मोठ्या गिऱ्हाइकाला. तिनं स्वतः ठेवले होते. मग इथं मागाहून येणारं गिऱ्हाईक कोण? बाहेर खुर्चीवर एक बाई बसली होती, मोटारीतून आलेली, नखं रंगवलेली. गुणाबाईनं जाता जाता तिच्याकडं असं पाहिलं की त्या बिचारीनं पर्स जवळ ओढली.

आणि त्यातून बर्फ. गोठवून ठेवणार म्हणजे बर्फात ठेवणार. बर्फातल्या मासळीचं काय होतं हे गुणाबाईला कोणी शिकवायला नको होतं. डोळे बसतात, अंग पिचकतं, चव जाते. घरी रांधायला तिनं बर्फातला मासा कधी नेला नाही. गिऱ्हाइकाला मात्र बर्फातलाच काढून, आत्ताच खाडीतून आलाय, असं शपथेवर सांगितलं होतं. आता ते सगळं उलटून तिच्याच अंगावर आल्यासारखं वाटलं.

घरी तिनं कुंदनला सांगितलं की डॉक्टरीण उरलेली पोरं बर्फात मारून ठेवणार आणि आपल्याला पुन्हा पुन्हा हेलपाटे घालायला लावणार. कुंदन आईच्या शब्दाबाहेर नव्हता. काशिराम जाळं विणत बसला होता, तो म्हणाला की जिच्या पोटात सोडायचं तिला कोणी विचारलं का. पण काशिरामचं बोलणं त्या घरात पंख्यासारखं होतं, फिरत राहायचं, लक्ष कोणी देत नसे.

बाजारात गुणाबाईच्या शेजारी चंद्रावती बसायची. गव्हाणचीच, आणि गावातल्या सगळ्यांच्या पोटातलं तिला आधी कळायचं. तिनं पळस्प्याच्या बाजूला निघालेल्या एका नव्या दवाखान्याचं नाव काढलं. तिथं म्हणे हात सैल, एकदम जुळी. गुणाबाई दुसऱ्याच दिवशी सुनेला घेऊन तिकडं गेली.

तिथं चपला काढायला लागल्या नाहीत. गार हवा, मऊ कोच, आणि भिंतीभर पोरांचे फोटो. जुळी, तिळी, गुबगुबीत, टोपड्यातली. डॉक्टर गोरेपान, हातात अंगठ्या, भरपूर हसणारे. त्यांनी विनिताचे कागद टेबलावर ठेवून घेतले, उघडले नाहीत, आणि न विचारताच म्हणाले, चार सोडू या, दोन तरी लागतीलच. एकदाच काय ते उरकून टाका, आजी.

गुणाबाईला आधी बरं वाटलं. हा माणूस धंद्यातला, वाट्यावर वरचा टाकणारा. आणि तिथंच तिच्या मनाला काटा लागला. वाट्यावर वरचा मासा टाकतात तो गिऱ्हाइकानं मागितल्यावर, ओढाताण झाल्यावर, तोंड वाकडं करून. न मागता हसत हसत वरचा आपण कधी टाकतो? संध्याकाळी. माल नरम पडला, कल्ले काळे व्हायला लागले, आणि पाटी रिकामी करायची घाई झाली की. गिऱ्हाईक खूश होऊन जातं आणि आपण ते परत यायच्या आत पाटी उचलतो.

तिनं डॉक्टरांच्या करंगळीकडं पाहिलं. ती टेबलावर होती, अंगठी घातलेली, आणि घाईनं टकटक करत होती.

"आनि चारी लागले तर?"

"मग कमी करू."

"कमी म्हंजे?"

त्यांनी मोबाइलवरून नजर काढली नाही. सुई घालून एक-दोन थांबवायचे, दोन ठेवायचे, हल्ली सोपं असतं, असं ते म्हणाले.

"कंचे थांबवनार?"

"जे सुईला जवळ असतील ते."

खोलीत गारवा होताच. गुणाबाई भिंतीकडं बघत राहिली. मग तिनं विचारलं, "ह्या पोरांच्या आया कुठं हायत? एका बी फोटूत आई नाय."

डॉक्टर हसले आणि आया घरी असतात म्हणाले. खरं सांगायचं तर ते फोटो कुठल्या तरी कॅलेंडरातून कापून लावलेले असणार, तसल्या पोरांना आई नसतेच. पण गुणाबाईच्या ते ध्यानात आलं नाही. तिला एवढंच दिसलं की भिंतीवर इतकी पोरं आणि त्यांना धरायला एकही बाई शिल्लक नाही. तिनं टेबलावरचे कागद उचलले, पदराखाली घेतले आणि उठली.

पळस्पे फाट्यावर गाडीची वाट बघत दोघी उभ्या राहिल्या. गोव्याकडचे ट्रक धूळ उडवत जात होते. विनिता दवाखान्यात एक शब्द बोलली नव्हती. आता रस्त्याकडं बघतच म्हणाली, "आई, कमी करायची वेळ आली तर त्यात मी पन हाय नं? मी बी सुईच्या जवळच."

गुणाबाईनं सुनेच्या हातातली पिशवी आपल्या हातात घेतली, आणि गाडी येईपर्यंत खाली ठेवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा नवीन पनवेलला हजर. चपला पिशवीत.

"तुमच्यावर इश्वास बसला म्हून नाय आलो," तिनं रुचिराबाईंना सांगितलं. "त्याच्यावरचा उडाला म्हून आलो. एकच सोडा. पन बर्फ मला दाखवायचा."

बाईंनी तिला काचेपलीकडून दाखवलं. बर्फ नव्हताच. दुधाच्या किटलीसारखं जाडजूड भांडं, झाकण उघडलं की पांढरा धूर. गुणाबाईनं विचारलं की वीज गेली की काय. याला वीज लागत नाही, आत पातळ केलेला वायू आहे तोच इतका थंड असतो, आम्ही तो वेळच्या वेळी भरतो, असं बाई म्हणाल्या. गुणाबाईनं मान डोलावली. मान डोलावणं आणि पटणं यांत तिच्याकडं बरंच अंतर होतं.

"आनि खूण काय? आमचा कंचा, त्या मोटारवालीचा कंचा, कसं कळायचं?"

नाव असतं, नंबर असतो, आणि ज्या बारीक नळीत गर्भ ठेवतात तिला रंगीत टोक असतं, असं बाईंनी सांगितलं. रंग म्हटल्यावर गुणाबाईचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. नाव-नंबर तिला वाचता येत नव्हतं, पण रंग म्हणजे तिच्या घरातली गोष्ट. गव्हाणला प्रत्येक घराच्या जाळ्याच्या, पाण्यावर तरंगणाऱ्या बोयांना आपला रंग असतो. खाडीत कोणाचं जाळं कुठं आहे ते रंगावरून कळतं, आणि दुसऱ्याच्या रंगाला कोणी हात लावत नाही.

"आमच्या घरचा जांभळा."

"जांभळा नाहीये. हिरवा देऊ?"

"हिरवा चंद्रावतीचा. तिच्या पोरांशी घोळ नको."

"पिवळा?"

गुणाबाईनं गावातली घरं मनातल्या मनात फिरून पाहिली. पिवळा कोणाचाच नव्हता. बरं म्हणाली.

मग विनिताचं सुईसुईचं प्रकरण सुरू झालं. तिनं ते दात दाबून सोसलं. बीजं काढली, गर्भ बाहेर तयार झाले, त्यांतले तीन चांगले निघाले. एक पोटात सोडला. दोन पिवळ्या टोकांच्या नळ्या धुराच्या भांड्यात गेल्या.

आणि पोटातला राहिला नाही.

घरात त्या दिवशी चूल पेटली ती काशिरामनं पेटवली. कुंदन भिंतीकडं तोंड करून बसला, आणि मग एकदम आईवर आला. तिन्ही सोडले असते तर एखादा तरी धरला असता, आये, तूच आधी म्हणत होतीस. गुणाबाईनं तर मनात त्याच्या पुढची पायरी गाठली होती. पोटात सोडला तो आपलाच होता कशावरून? सोडताना आपण आत नव्हतो.

रुचिराबाईंनी काही लपवलं नाही. एका खेपेत राहीलच असं नसतं, हे त्यांनी आधीही सांगितलं होतं आणि आताही सांगितलं. दोन आहेत, विनिताचं अंग सावरलं की पुढचा सोडू. कुंदन म्हणाला, दोन्ही सोडा. बाई नको म्हणाल्या. कुंदन आईकडं वळला.

"आये, तू सांग बाईंना. दोन सोडाया सांग."

त्या खोलीत सगळे गुणाबाईकडं बघत होते. ती मात्र विनिताकडं बघत होती. विनिता पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. गुणाबाईला काशिरामचं ते पंख्यासारखं बोलणं आठवलं.

"मला इचारू नको," ती कुंदनला म्हणाली. "विनिता, तू बोल. तुझ्या पोटाची शिवण हाय, माझ्या नाय."

विनितानं पदर सोडला. "एक," ती म्हणाली.

कुंदन काही बोलणार होता. गुणाबाई उठून चपला शोधायला लागली, म्हणजे बोलणं संपलं.

विनिताचं अंग सावरेपर्यंत मध्ये काही महिने गेले. त्या महिन्यांत नवीन पनवेलच्या दवाखान्याला एक नवाच ताप सुरू झाला. बाजारात वीज गेली की गुणाबाई पाटी चंद्रावतीच्या भरवशावर टाकायची आणि रिक्षात बसायची. दवाखान्यात शिरायची, मासळीचा वास तिच्या आधी आत गेलेला असायचा. काउंटरवरची मुलगी नाक दाबून सांगायची, मावशी, सगळं ठीक आहे. गुणाबाई म्हणायची, मला झाकनातला धूर दाखव. धूर दिसला की परत. एकदा मुलगी म्हणाली की याला वीज लागत नाही, किती वेळा सांगायचं. त्यावर गुणाबाईनं तिला विचारलं की मग खाली जनरेटर कशाला ठेवलाय. तो दिव्यांसाठी आहे असं मुलीनं सांगितलं. गुणाबाईनं मान डोलावली.

मग पहिला पिवळा सोडला. बर्फातला. गुणाबाईला आशा नव्हती. जिथं ताजा असून धरला नाही, तिथं हा बसल्या डोळ्यांचा काय धरणार? पण तपासणी झाली आणि रुचिराबाई प्रथमच हसल्या. गुणाबाईनं लगेच विचारलं की हसताय कशाला.

दिवस राहिल्यापासून तिनं सुनेला डोळ्याआड केलं नाही. सोनोग्राफीत एकच ठोका ऐकू आला तेव्हा कुंदनचा चेहरा थोडा उतरला, जुळ्यांची हौस त्याच्या मनातून गेली नव्हती. सातव्या महिन्यानंतर विनिताचं पोट शिवणीपाशी दुखायला लागलं. बाईंनी तिला दवाखान्यातच ठेवून घेतलं, कळा यायची वाट बघितली नाही, आणि दिवस भरायच्या थोडं आधीच पोट उघडून बाळ काढलं. मुलगी. रडणं असं की खाली औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकं वर बघायला लागली.

रुचिराबाई हात पुसत बाहेर आल्या आणि गुणाबाईशेजारच्या बाकावर बसल्या. जुनी शिवण पापुद्र्यासारखी पातळ झाली होती, पलीकडचं बाळ दिसत होतं, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं. एकाच्या वजनानं हे. दोन असते तर इथवर आलंच नसतं. कुंदन तिथंच उभा होता. नंतर कितीतरी वेळ तो विनिताच्या खाटेपाशी जमिनीवर बसून होता, आणि जुळ्यांचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

गुणाबाई नातीकडं गेली. आधी दुपटं सोडलं. नाक पाहिलं, कान पाहिले, कोणाचेही असू शकले असते. मग तिनं डावा पाय हातात घेतला. पायाची करंगळी आत वळलेली होती, शेजारच्या बोटाखाली दडून बसलेली. काशिरामची तशीच, कुंदनची तशीच. गुणाबाईनं ती हलकेच सरळ करून पाहिली. सोडल्यावर पुन्हा आत गेली.

"आपलीच हाय," तिनं काशिरामला सांगितलं.

"मग कोनाची असनार होती?" काशिराम म्हणाला.

मुलीचं नाव रिया ठेवलं. बाजारात गुणाबाई पहिल्यासारखीच बसायला लागली. एक दिवस सोसायटीतली एक बाई आली, गाडीची किल्ली बोटात फिरवत. तिनं जिताड्याला बोट लावलं आणि नेहमीचा प्रश्न विचारला, मावशी, बर्फातला नाही ना?

इतक्या वर्षांचं उत्तर गुणाबाईच्या ओठावर आलं होतं. ते तिनं गिळलं.

"बर्फातलाच हाय. त्यात काय वाईट?"

बाईनं बोट पदराला पुसलं आणि ती चंद्रावतीकडं वळली. चंद्रावतीनं त्याच बर्फातला, त्याच पेटीतून आलेला जिताडा वर उचलला आणि आत्ताच खाडीतून आलाय म्हणून शपथ घेतली. बाई घेऊन गेली. चंद्रावती म्हणाली, तुला येड लागलंय का गो? गुणाबाई विळी पुसत राहिली.

तेवढ्यात बाजारातले दिवे गेले. पंखे थांबले, कोणीतरी विजेला शिवी घातली. गुणाबाई उठली. भांड्यात अजून एक पिवळा होता.

"पाटीकडं बघ गो जरा," ती चंद्रावतीला म्हणाली, आणि रिक्षाच्या दिशेनं चालायला लागली.